पाण्यातली बाई

आमचं रेल्वे क्वार्टर सौंदडच्या स्टेशनाला लागून होतं आणि माझी शाळा तिथून सायकलीच्या वाटेवरच्या एका खेड्यात. नवरा फाटकावर गेटमन. सकाळची पॅसेंजर गेली की त्यानं फाटक उघडायचं आणि मी पलीकडे निघायचं, असं वर्षानुवर्षं चाललं. रस्त्याचा शेवटचा टप्पा तलावाच्या पाळीवरून जायचा. एका अंगाला धानाच्या बांध्या, दुसऱ्या अंगाला पाणी. हिवाळ्यात धुकं असं बसायचं, की आपण जमिनीवरून चाललोय की पाण्यावरून, ते पाळ संपेपर्यंत कळत नसे. कुठेतरी सारस ओरडायचे, दिसायचे मात्र नाहीत. अर्धवट झोपेत मी निघायची आणि सायकल आपल्या मनानं शाळेत पोचायची.

एका उन्हाळ्यात तलाव फार आटला. सकाळची शाळा सुटून मी परत निघाले होते, तर मधोमध पाण्याबाहेर एक डोकं दिसलं. कोणी बाई डुंबत असेल म्हणून मी नजर वळवली. दुसऱ्या दिवशीही ती तिथंच. पुढे पाणी उतरत गेलं तशी ती रोज थोडी थोडी वर येत राहिली, आधी खांदे, मग छाती. शेवटी न राहवून मी चपला पाळीवर काढल्या आणि चिखलात उतरले.

दगडाची बाई होती. माझ्या कमरेएवढी उंच. नाकडोळे पाण्यानं पार पुसून नेलेले, पण मान थोडी कललेली आणि कडेवर काहीतरी घेतलेलं. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. वर ऊन तापलं होतं आणि ती आतून गार होती.

मी चौथीला भूगोलापासून कवितेपर्यंत सगळं शिकवायची. आपल्या गावाला काही इतिहास नाही, हे मात्र मी मुलांना न सांगताच शिकवत आले होते. त्या दिवशी घरी आल्यावर मला जेवण गेलं नाही.

पंचायतीत ठराव झाला, तहसीलला कळवलं, आणि ट्रॅक्टरवरून ती शाळेच्या व्हरांड्यात आली. मग लोक एकेक वस्तू आणून तिच्या शेजारी ठेवू लागले. कोणी धान मोजायची लाकडी पायली आणली, कोणी दंडारीच्या लोकनाट्यातल्या राजाचा पुठ्ठ्याचा मुकुट, तर जंगलाकडच्या एका गोंड म्हाताऱ्यानं आजीचा कोरीव कंगवा. वस्तू आली की तिची गोष्ट ऐकायला मी त्यांच्या घरी जायची. सुट्टीचे दिवस असे अंगणाअंगणांतून गेले. निवृत्त झाले तोवर आमची शाळा शेजारच्या गावच्या शाळेत मिसळली होती आणि इमारत रिकामी पडली होती. पंचायतीनं ती या वस्तूंच्या संग्रहालयाला दिली. सडक अर्जुनीच्या पेंटरनं पाटीवर माझ्या नावापुढे ‘संचालक’ लिहिलं. त्या दिवशी नवरा जेवताना म्हणाला, "अवो संचालक, वरणात मीठ नाही."

पाण्यातली बाई पहिल्या खोलीत, खिडकीसमोर. खाली मी पट्टी लावली होती: ‘स्त्री, कडेवर घागर’.

एका बाजाराच्या दिवशी मासेमार ढिवरांच्या वस्तीतली एक म्हातारी आली. टोपली दाराशी ठेवून ती सरळ मूर्तीपुढे जाऊन बसली. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "इले काऊन आणलं वं बाई इथं?"

"लोकांना बघता यावी म्हणून."

"आमी पाहतच होतो ना. लहानपणी पवाले शिकलो तं इलेच धरून. डोंगा इलेच बांधू. पाण्यात दिसे नाही, पण पायाले लागे."

मी तिला पट्टी वाचून दाखवली. ती हसली. "घागर कायची! लेकरू होय. कडेवर निजून राहिलं."

पुढे ती दर बाजाराला येऊ लागली. मी चहा द्यायची. एकदा कप खाली ठेवून तिनं सांगितलं, की तिची पहिली मुलगी तान्ही असतानाच गेली. त्या उन्हाळ्यात ती रोज तलावात उतरायची आणि गळ्याइतक्या पाण्यात या दगडाशी उभी राहायची. "घरी कोणी रडू देये नाही," एवढंच म्हणाली. ती गेल्यावर मी पट्टीवरची ‘घागर’ खोडली. तिथं दुसरं काही लिहिलं नाही.

त्याच सुमाराला झाडताना मूर्तीच्या पायाशी पांढुरकी भुकटी दिसायला लागली. आधी मला चुना वाटला. मग बोट लावलं तर तिच्या हाताचा पापुद्राच सुटला. दगडांची निगा राखणाऱ्या एका ओळखीच्यांना फोन केला. ते म्हणाले, जन्मभर पाण्यात राहिलेला दगड कोरडा पडला की आतले क्षार बाहेर येतात आणि वरचा थर सुटत जातो. उपाय आहेत, पण खात्री नाही.

म्हातारीला मी हे सांगितलं नव्हतं. तरी पुढच्या बाजाराला ती मूर्तीवरून हात फिरवत म्हणाली, "कोरडी पडून राहिली बाई ते. तिले पाण्यात नेऊन ठेवा ना."

संग्रहालयाच्या समितीच्या बैठकीत सरपंच चिडले. "म्याडम, लोक तिलेच पाहाले येतात. तिले नेलं तं इथं राहीन काय?"

"इथं ठेवली तर ती संपेल," मी म्हणाले. "जपायला आणली होती आपण." तिला सोडणं तर मलाही नको होतं. शेवटी त्यांनीच ट्रॅक्टर दिला.

आता खिडकीसमोरची जागा रिकामी आहे, भिंतीवर फोटो आहे. पाहुणे खट्टू होतात. मग मी त्यांना पाळीवर नेते आणि पाणी दाखवते. काही जण लगेच मोबाइल खिशात घालून परत फिरतात. काही जण तिथंच बसून राहतात.

तिला परत पाण्यात ठेवलं तो दिवस भर उन्हाळ्याचा होता. जागा म्हातारीनंच दाखवली. माणसांनी दोर सोडले, म्हातारी पुढे झाली, मूर्तीला हळद लावली आणि ओंजळीनं गढूळ पाणी तिच्या खांद्यावर सोडलं. मग माझा हात धरून मला आपल्या घरी घेऊन गेली. भात आणि मासळीचा लालजर्द रस्सा वाढला. मी किती खाल्लं कोण जाणे. तिनं जांभळीखाली खाट टाकली आणि म्हणाली, "पडा थोडंसं."

मी पडले आणि अशी झोपले, जशी लहानपणानंतर कधी झोपले नव्हते. झोपेत सगळीकडे हिरवं पाणी होतं आणि मी त्यात श्वास घेत होते. जाग आली तेव्हा सावली सरकून माझ्या पायांवर ऊन आलं होतं. ती उशाशी बसून जाळं विणत होती. तिनं गाठ मारली, दातानं दोरा तोडला आणि विचारलं, "चाय मांडू का?"