फिलूमावशीचा फणस

ही गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. बायकोला नाही, भावाला नाही. दरवर्षी ईस्टरच्या आधी फादरांसमोर गुडघे टेकतो, राग, आळस, लहानसहान खोटं — सगळं सांगतो, आणि हे एवढं बाजूला ठेवून उठतो. आता सांगायला बसलोय, तर सुरुवात कुठून करावी तेच कळत नाही.

कामापासून करतो. मी झाडांवरचा माणूस. गिरीजला आमची लहानशी वाडी आहे. पोरवयात नारळावर चढायचो, पुढं तेच पोटापाण्याचं काम झालं. पावसाळा तोंडावर आला की वसई-विरारकडच्या सोसायट्यांतून, वाड्यांतून बोलावणी येतात. वाळकी फांदी उतरव, छपरावर आलेली छाट. दोर, कमरेचा पट्टा, कड्या, हेल्मेट — सगळं हल्ली चांगलं मिळतं. खिळ्यांचे बूट मात्र आम्ही जिवंत झाडावर घालत नाही. खोडाला भोकं पडतात, तिथून कीड शिरते. झाडाला एवढं जपणारी माणसं आम्ही. हे आधीच सांगून ठेवतो — म्हणजे मी काय केलं ते नीट कळेल.

आमची एक पद्धत आहे. चढणारा विचारतो, "दोर?" खालचा म्हणतो, "धरला." तो शब्द आल्याशिवाय पाय जमीन सोडत नाही. माझा खालचा माणूस म्हणजे माझा चुलतभाऊ बस्त्याव.

एकदा एका सोसायटीतल्या शिरीषाच्या झाडावर माझ्या पायाखालची फांदी मोडली. मी दोरावर लोंबकळलो. बस्त्यावनं धरलेलं होतं. ओरखडाही आला नाही. खाली आल्यावर मी म्हणालो, "फुकटचा झोका मिळाला."

"पुढच्या खेपेला तिकीट लावू," बस्त्याव म्हणाला. सगळे हसले, मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी झाडाच्या बुडाशी उभा राहिलो आणि बोटं गार पडली. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. सांगायला काय हरकत होती? पण गावात मला वानर म्हणायचे — कौतुकानं. वानराला झाडाची भीती वाटते, हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

अशात फिलूमावशीचं बोलावणं आलं. ही माझ्या आईची चुलतबहीण. तिच्या वाडीत विहिरीपाशी मोठा फणस होता, तिच्या यजमानांनी, आंतोनकाकांनी, लग्नाच्या वर्षी लावलेला. काका वारले होते. दर उन्हाळ्यात ती त्याचे गरे आळीत घरोघर पाठवायची. त्याची एक फांदी स्वयंपाकघराच्या कौलांवर आली होती. तेवढी काढायची होती. एक फांदी.

चढण्याआधी आम्ही झाड ठोकून बघतो. लाकडी हातोडीनं बुंध्यावर चहूबाजूंनी ठोकायचं आणि कान द्यायचा. पोकळ झाड रिकाम्या डब्यासारखं वाजतं. त्यावर कुणी चढत नाही. मी ठोकलं. फणस भरीव होता. खालपासून वरपर्यंत, सगळीकडून भरीव.

मी म्हणालो, "मावशी, आतून पोकळ आहे. चढण्यासारखं नाही. पाडावंच लागेल, नाहीतर एक दिवस घरावर येईल."

कसं सुचलं? सुचलं नाही — तोंडातून निघून गेलं.

आणि एवढ्यावरच थांबलं असतं तरी... पण नाही थांबलं. मावशीनं बुंध्यावर हात ठेवला. म्हणाली, "इनास, मी वाडीतला पाला ह्याच्याच बुडाशी जाळते रे. त्यानं तर पोखरला नसेल ना?"

इथं मला 'नाही' म्हणता आलं असतं. पोकळ असल्याचं खोटं तसंच ठेवूनसुद्धा म्हणता आलं असतं. मी म्हणालो, "असेल." का म्हणालो? तिनं पुढचा प्रश्न विचारू नये म्हणून. दुसरं काही नाही.

पालिकेची परवानगी आल्यावर दोराला वाळूची पिशवी बांधली, ती वरच्या फांदीवरून फेकली, बुंधा कापला आणि झाड केळींकडच्या मोकळ्या बाजूला ओढून पाडलं. कुणाला वर चढावं लागलं नाही. मावशी घरात जाऊन बसली होती. कापलेला बुंधा पिवळाधमक होता, चीक गळत होता. मी त्यावर गोणपाट टाकलं. बस्त्याव आला, त्यानं गोणपाटाचा कोपरा उचलला, बघितलं, परत होता तसा ठेवला. "चल, जेवून घेऊ," म्हणाला. पुढं कधी विषय काढला नाही. लाकूड त्याच दिवशी टेम्पोत भरून हलवलं. फणसाच्या लाकडाच्या चौकटी होतात, दारं होतात. एरवी घरची माणसं ते जपून ठेवतात. मावशीनं मागितलंही नाही. पोखरलेलं लाकूड कोण मागतं?

पुढं मी खांदा दुखतो असं सांगितलं. बस्त्याव चढू लागला, मी खाली. त्या साली आणखी एकदोन झाडांना मी पोकळ म्हटलं होतं. ती खरंच तशी होती की नव्हती, हे माझं मलाही सांगता येत नाही. ठोकत होतो, पण ऐकत नव्हतो.

वर्षं गेली. परवा मावशीनं पुन्हा बोलावलं, आंब्याची फांदी काढायला. आम्ही दोर उलगडत होतो. तिचा गडी पाला गोळा करून आंब्याखाली पेटवायला निघाला, तर ती ओट्यावरून म्हणाली, "तिथं नको रे जाळू. माझा फणस मी असाच मारला."

रडून नाही, रागावून नाही. 'विहिरीला पाणी आहे' म्हणावं तसं. कितीदा म्हणाली असेल ती हे, इतक्या वर्षांत? किती जणांना?

मी दोर खाली ठेवला, ओट्यापाशी गेलो आणि सांगितलं. सगळं — शिरीष, भीती, हातोडी, गोणपाट. बस्त्याव मागं उभा होता.

ती म्हणाली, "म्हणजे माझ्या आगीनं नाही?"

"नाही."

"आगीनं नाहीच?"

"नाही, मावशी. झाड चांगलं होतं. तू चांगलं ठेवलं होतंस."

तिनं विहिरीकडे बघितलं. "आंतोनची दर रविवारी माफी मागत आले मी," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून — "फार वाईट केलंस, इनास."

मी मान खाली घातली.

ती ओट्यावरून उतरली, आंब्यापाशी जाऊन उभी राहिली. "ठोक ह्याला. आणि काय ते मोठ्यानं सांग."

मी चहूबाजूंनी ठोकलं. ह्या वेळी ऐकलं. "भरीव आहे," मी म्हणालो. "फांदी काढली की झालं, झाडाला काही होत नाही. पण मी चढणार नाही. मला भीती वाटते. बस्त्याव चढेल."

"वानराचा खांदा बरा झाला वाटतं," बस्त्याव म्हणाला आणि पट्टा आवळायला लागला.

मावशी हसली नाही. पण घरातही गेली नाही. पदर खोचून तिथंच उभी राहिली, वर बघत.

बस्त्यावनं बुंध्याला हात लावला. "दोर?"

"धरला," मी म्हणालो.