पाय वर कसे करायचे?

आधी पांढुर्णा, आता सौंसर, बारा वर्षं झाली, मी दवाखान्यात पायाच्या पट्ट्या बांधून राहिली. किस्से जमवा लागत नाईत बाप्पा! माणूस स्टुलावर पाय ठेवते अन् पट्टी सुटेपर्यंत घरचं सारं सांगून मोकळं होते.

दुखणं बहुतेकांचं एकच. पायातलं रक्त वर चढत नाई, खालीच साचते. घोट्यावरची कातडी काळी पडते, खाजते, मग फुटते. घट्ट पट्टी अन् उंच ठेवलेले पाय, यानंच खरा गुण येते.

*

लोधीखेड्याचे एक रिटायर्ड गुरुजी. आठ दिवस पट्टी सोडू नका म्हणून बजावलं होतं. आले तं पट्टी पिशवीत! धुतलेली, वरून इस्त्री केलेली. मळकी पट्टी घेऊन सिस्टरसमोर कसं यायचं म्हणे. पाय टम्म सुजलेला. मी रागावली, तं गुरुजींनी चक्क कान पकडले.

*

पांढुर्ण्यात एक न्हावी होता. डॉक्टर म्हणाले, एका जागी उभं राहू नका, मधी मधी चाला. पठ्ठ्या अर्धी दाढी झाली का चौकापर्यंत फेरी मारून येऊ लागला. गिऱ्हाईक फेस लावून बसलेलं! लोक चिडले, पण पाय सुधारला.

*

सिंधूबाईचं मात्र अवघड होतं. दिवसभर उभ्यानं संत्री निवडायचं काम. घोट्यावरची जखम चार महिने भरेना. पाय उंच ठेवले नाईत तं ती वाढतच जाईल, काम सुटेल, असं डॉक्टरांनी साफ सांगितलं.

दर खेपेला "ठेवते" म्हणे. एक दिवस पट्टी बांधता बांधता रडायलेच लागली. घर एका खोलीचं. एका भिंतीशी बुद्धमूर्ती, तिकडं पाय करता येत नाईत; समोर सासऱ्याची खाट.

"मामाजी घरात असताना पाय वर करून कशी पडू, सिस्टर? ते तं दिवसभर घरातच असतात."

मले तिचा रागही आला अन् वाईटही वाटलं. मी तरी माझ्या सासऱ्यापुढं कधी पाय पसरले?

पुढं तिचा म्हातारा सासरा बीपीच्या गोळ्या न्यायले आला, तेव्हा मी त्याले सारं सांगून टाकलं. कडक माणूस. गोळ्या खिशात घातल्या अन् निघून गेला. मले वाटलं, आता पोरीची काही खैर नाई.

आठ दिवसांनी मुद्दाम तिच्या घराकडं वळली. म्हातारा अंगणात, दाराकडं पाठ करून खाटेवर बसलेला. मी तिले हाक मारणार, तं त्यानं हातानंच थांबवलं.

"हळू बोला. सून पाय वर करून पडली हाय. तिनं विचारलं तं मी घरात नाई."