मेंढ्यांना आवतण

बाचा मेंढ्या मोजत नसे, ऐकत असे. सकाळी कुरणाच्या फाटकाशी यायचं, टोपी काढून डोळे मिटायचे आणि अर्धा मिनिट नुसतं उभं राहायचं. कळपातल्या सात मेंढ्यांच्या गळ्यात त्याने सात घंटा बांधल्या होत्या. स्लोव्हाकियातल्या आपल्या डोंगरातून लोकरी मोज्यांत गुंडाळून आणलेल्या. कुठली घंटा कुठल्या मेंढीला शोभेल हे ठरवायला त्याने एक अख्खा उन्हाळा घेतला होता. "काळतोंडी आज लंगडते आहे," असं तो डोळे न उघडता सांगायचा आणि ती लंगडत असायची. मी गाडीत बसून घड्याळ बघत असायचो. ज्याला यमन आणि फायर अलार्म यांतला फरक कळायला वेळ लागतो, त्याने यावर मत देऊ नये हेच बरं.

त्याचं खरं नाव आम्हाला कधी नीट म्हणता आलं नाही. बाचा म्हणजे त्यांच्याकडे कळपाचा मुख्य धनगर, चीज करणाराही तोच. इंग्लंडात, स्लाऊत, आम्ही वरच्या मजल्यावर राहायचो आणि तो लेकीबरोबर खालच्या. माझं ऑफिस ब्रॅकनेलला आणि कुरण वाटेत, म्हणून मी त्याला रोज सकाळी गाडीने सोडायचो. सायकल डिकीत. येताना तो सायकलने यायचा. बायको त्याला बाचाकाका म्हणे, आठ वर्षांची केतकी बाचाआजोबा. आणि तो मला म्हणे 'पान इंजिनिअर', म्हणजे इंजिनिअरसाहेब. घरात मला साहेब म्हणणारा तो एकटाच, त्यामुळे मी त्याच्यावर जरा जास्तच खूश होतो.

तिकडे त्याच्या गावच्या सोसायटीने मेंढ्या विकल्या तेव्हा बाचाचं वय साठीला टेकलं होतं. लेक इकडे वेअरहाउसात होती, तिने त्याला बोलावून घेतलं. एक हिवाळा त्यानेही खोकी उचलली. मग एके दिवशी बसमधून त्याला एक कळप दिसला. हा पुढच्या स्टॉपवर उतरला, उलटा चालत आला, कुंपण ओलांडलं आणि एका लंगड्या मेंढीला उताणी करून खिशातल्या चाकूने तिचा खूर साफ करायला बसला. मालक ओरडत आला. दहा मिनिटं बघत उभा राहिला. आणि सोमवारपासून कामाला ये म्हणाला. माझ्या आयुष्यातला प्रत्येक इंटरव्ह्यू यापेक्षा लांबला आहे आणि यापेक्षा वाईट झाला आहे.

इंग्रज लोक मेंढीचं दूध काढत नाहीत याचं बाचाला भारी दुःख होतं. "गाय असल्यासारखं दूध आहे आणि हे नुसतं मटण बघतात," असं तो मान हलवत म्हणे. (हे सगळं तो मोडक्या इंग्रजीत बोलायचा. मी मराठीत सांगतोय म्हणून ते आहे त्यापेक्षा बरं वाटतंय.) कोकरं आईच्या दुधावरून सुटली की मालकाच्या परवानगीने तो दहाबारा मेंढ्या पिळायचा आणि खालच्या स्वयंपाकघरात चीज करायचा. वास जिन्याने वर यायचा. पहिल्यांदा आला तेव्हा वंदना, म्हणजे आमची सौभाग्यवती, पदर खोचून भांडायलाच खाली गेली. पाहते तर नळाला पांढऱ्या फडक्यात बांधलेला गोळा टांगलेला, खाली पातेलं.

"अहो, हा तर चक्का!" ती जिन्यातूनच ओरडली. भांडण राहिलं. दोघं चक्का किती वेळ टांगावा यावर तासभर बोलत बसली, एक वर्धेच्या इंग्रजीत, एक डोंगरातल्या.

दही गोळा करताना मात्र बाचा कोणाशी बोलत नसे. कोपरापर्यंत हात धुवायचे, डोक्यावर टोपी, आणि दही फुटून सुटलेल्या कोमट निवळीत हात घालून तळाशी सगळं दही हळूहळू एकत्र आणायचं. त्या वेळी दारात पाऊल टाकलं तर नुसती मान हलवून तो बाहेर काढायचा. आमच्या जातीत सोवळ्याची सवय असल्याने वंदनाला ते लगेच कळलं. मला कळलं नाही, म्हणून दोनदा बाहेर पडलो. मग उरलेली निवळी तो कोरीव दांड्याच्या लाकडी पेल्यात घालून द्यायचा आणि ती एका दमात प्यायची असे. पहिल्या वेळी मी ऑफिसला निघायच्या आधी प्यायलो. मोटरवेच्या जंक्शनला पोचायच्या आत गाडी दोनदा थांबवावी लागली. संध्याकाळी तक्रार केली तर बाचा गंभीरपणे म्हणाला, "पहिल्या दिवशी पळवते. दुसऱ्या दिवशी बसवते. तिसऱ्या दिवशी माणूस होतो."

तिसरा दिवस मी कधी येऊ दिला नाही.

बाचाला इंग्रजी वाचता येत नसे. कौन्सिलचं पत्र, डॉक्टरची चिठ्ठी, लाइटबिल, काहीही आलं की तो टोपी काढून वर यायचा. "पान इंजिनिअर, हा कागद काय बोलतो?" मी वाचायचो, तो मान डोलवायचा. लेकीला इंग्रजी यायचं, पण तिच्या शिफ्टा उलट्यासुलट्या, आणि बाचाच्या मते कागद वाचणं हे इंजिनिअरचंच काम. एकदा म्हणाला, "मेंढी खोटं बोलत नाही. कागद बोलतो. म्हणून कागदाला चांगला माणूस लागतो." मी त्या दिवशी जरा ताठ होऊन जिना चढलो होतो.

मालकाने त्याला एक शब्द दिला होता. पुढच्या वसंतात पन्नासच्या पन्नास मेंढ्या दुधासाठी बाचाच्या हाती द्यायच्या आणि शेडमध्ये चीजची खोली बांधायची. बाचा इतर काही मागत नव्हता. त्या खोलीचं चित्र त्याने आमच्या टेलिफोन बिलाच्या मागे काढलं होतं. चूल कुठे, कढई कुठे, धुरावर चीज कुठे टांगायचं.

ते २००७ साल होतं. ऑगस्टमध्ये आमच्या भागात जनावरांत लाळ्या-खुरकूत निघाली. फाटकांपुढे औषधात भिजवलेला पेंढा आला, पाट्या आल्या. कुठे एक जनावर सापडलं तरी अख्खा कळप मारत होते. बाचा रोज प्रत्येक मेंढीचं तोंड उघडून जीभ बघायचा, खुरांच्या बेचक्या बघायचा, आणि संध्याकाळी जेवत नसे, असं लेक सांगायची. मग साथ आटोक्यात आली म्हणाले. लोकांनी श्वास सोडला. आणि पोळा आला.

वंदनाच्या माहेरी पोळ्याला बैलांना पुरणपोळी घातल्याशिवाय कोणी जेवत नाही. स्लाऊत बैल नाही, म्हणून सहा वर्षं ती केतकीच्या प्लास्टिकच्या गाईला ओवाळत होती. त्या वर्षी म्हणाली, "अहो, बाचाकाकांच्या मेंढ्या आहेत की! जिवंत जनावर ते जिवंत जनावर."

"अगं, मेंढीचा पोळा कोणी ऐकलाय का?"

"तुम्ही बैलाचा तरी कुठे बघितलाय? पुण्याचे तुम्ही."

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही कुरणावर गेलो. रीतीप्रमाणे तिने फाटकातून हात जोडून मेंढ्यांना आवतण दिलं. "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." मी बाचाला अर्थ सांगितला. जनावराला पाहुण्यासारखं बोलवायचं, मगच वाढायचं. बाचाने टोपी काढली. त्यांच्याकडेही ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळी ताटातला पहिला घास मेंढ्यांना जातो, म्हणाला. "पण बोलावत नाही आम्ही. हे तुमचं जास्त चांगलं."

मग त्याने फाटकावरच्या नव्या पाटीकडे बोट दाखवलं. दुपारीच कोणी लावून गेलं होतं. "पान इंजिनिअर, हा कागद काय बोलतो?"

माझ्या कानाला फोन होता. ब्रॅकनेलहून कोणीतरी सर्व्हर बंद पडल्याचं रडगाणं गात होता. मी पाटीवरची वरची दोन वाक्यं वाचली. "कुत्री बांधून ठेवा, बूट धुवा. नेहमीचंच," असं म्हणून मी फोनकडे वळलो. पाटीवर सात वाक्यं होती. सहावं होतं, जनावरांना स्वयंपाकघरातलं कोणतंही अन्न घालू नये, गुन्हा आहे. ते मी चार दिवसांनी वाचलं.

दुसऱ्या दिवशी वंदना हिरवं लुगडं नेसून, ताट घेऊन आली. बाचाने अकरा मेंढ्या पुढे आणल्या, तिने प्रत्येकीला कुंकू लावलं, ओवाळलं, अर्धी अर्धी पुरणपोळी भरवली. केतकी आपल्या मोडक्या मराठीत किंचाळत होती, "आई, मेंढी मला चाटला! बाचाआजोबा, तुझी मेंढी गोड आहे!" कुत्रं फिरवणाऱ्या एक बाई पलीकडच्या वाटेवर थांबून हे सगळं बघत होत्या. मी त्यांना हात हलवला. त्यांनीही हलवला.

त्यानंतर एका दिवसात बातमी आली की रोग परत निघाला, काही मैलांवर. आणि चौथ्या दिवशी मालकाचा मला फोन. कौन्सिलची माणसं आली आहेत, बाचाला काही समजत नाही, तू ये.

पांढऱ्या कपड्यांतली दोन माणसं फाटकाशी उभी होती. मालक लालबुंद. एका बाईंनी जनावरांना अन्न घालताना पाहिल्याचं कळवलंय, असं त्यांतला एकजण म्हणाला. साडी नेसलेली बाई होती म्हणतात. अन्न कोणी आणलं? परवानगी कोणी दिली? याला विचारा. आणि तो माणूस पाटीकडे बोट दाखवत होता. तेव्हा मी ती पहिल्यांदा पूर्ण वाचली.

आमचा कायम राहण्याचा अर्ज त्याच महिन्यात गेला होता. तिघांचे पासपोर्ट अर्जासोबत. त्यात एक रकाना होता, कुठला गुन्हा, कुठली चौकशी, काहीही असेल तर कळवा. हे बाचाला ठाऊक होतं. लिफाफ्याची जीभ त्यानेच चाटून बंद केली होती, त्यांच्याकडे म्हणे असं केलं की काम होतं.

मी प्रश्न त्याला सोपा करून सांगितला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग पांढऱ्या कपड्यांकडे. "मी," तो इंग्रजीत म्हणाला. "माझी रीत. ख्रिसमस."

"सप्टेंबरमध्ये?"

"डोंगरात लवकर येतो."

"आणि ती बाई?"

"पाहुणी. मी बोलावली. मी म्हटलं, दे."

"पाटी वाचली नाही?"

"वाचता येत नाही," बाचा म्हणाला. ते खरंच होतं.

मी तिथे उभा होतो. कोणी विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं मी बरेच दिवस स्वतःला समजावत होतो. पण मी दुभाषी होतो, दुभाष्याला कोण विचारतं?

घरी वंदना ऐकून घेईना. "पोळी मी भरवली. मी जाऊन सांगते."

"अर्ज तिघांचा एकत्र आहे, वंदना."

"म्हणून?"

"म्हणून थांब थोडी. मेंढ्यांना काही झालेलं नाही अजून."

ती माझ्याकडे अशी बघत राहिली की मी उगाच उठून केतकीचं दप्तर आवरलं. तिने त्या रात्री माझं ताट वाढलं आणि आपलं घेऊन केतकीजवळ जाऊन बसली. नंतर बरेच दिवस कामापुरतंच बोलणं.

मेंढ्यांच्या तपासण्या झाल्या. दोन आठवडे फाटक बंद. बाचा रोज सायकलने जायचा आणि रस्त्याच्या या बाजूला उभा राहायचा, टोपी हातात. मी एकदा गाडी थांबवली, म्हटलं, "बाचा, मी मालकाला खरं सांगतो."

"नको. तुमचा कागद ऑफिसात आहे. मी युरोपचा, मला इथे कागद लागत नाही." मग टोपी डोक्यावर ठेवत, "पाटीवर खरं काय होतं?"

मी सांगितलं. त्याने मान डोलवली, लाइटबिल ऐकून डोलवायचा तशीच.

मेंढ्या निरोगी निघाल्या. एकही मारली नाही. पण मालकाने बाचाला काढलं. तो वाईट माणूस नव्हता. मला बाजूला घेऊन म्हणाला, "अन्नाचं मी सोडून दिलं असतं. पण ज्याला पाटी वाचता येत नाही त्याच्या हाती मी पन्नास जनावरं कशी देऊ? तूच सांग."

आमचा कागद डिसेंबरात आला, स्टॅम्प मारून. वंदनाने पाकीट उघडलंच नाही, तसंच कपाटात ठेवलं. बाचा तोवर आपल्या गावी परत गेला होता, लेकीला इथेच ठेवून. तिकडे गावात मेंढ्या नाहीत, हे त्याला माहीत होतं. वेअरहाउसात परत का नाही जात, असं विचारल्यावर म्हणाला होता, "खोकी आजारी पडत नाहीत. माझं काय काम?" दोन वर्षं लेकीकडून त्याची खुशाली कळायची. मग आम्ही हाउन्सलोला घर घेतलं आणि तेही थांबलं.

पण एक सकाळ सांगायची राहिली.

जाण्याच्या आदल्या दिवशी बाचाने मालकाकडे तासभर मागितला. कळप सोपवायचा तर नीट सोपवायचा, त्यांच्याकडे शरदात मेंढ्या ज्याच्या त्याला परत देताना बाचा प्रत्येकीचं सांगतो. दुभाषी म्हणून मी. थंडी होती. बाचा एकेक मेंढी गुडघ्यांत धरून बोलत होता आणि मी मालकाला सांगत होतो. हिला डाव्या आचळाला हात लावलेला खपत नाही. ही पहिल्या कोकराला पाजत नाही, दोन तास कोंडा, मग पाजते. हिचा मागचा खूर पावसात सडतो. ही गर्दीत खात नाही, वेगळं ठेवा. ही म्हातारी आहे, पण बाकीच्या हिच्यामागून चालतात, म्हणून हिला विकू नका. घंटा त्याने आधीच काढून घेतल्या होत्या. मालक सुरुवातीला हातरुमालाने नाक पुसत नुसता ऐकत होता. विसाव्या मेंढीपासून त्याने खिशातून पेन काढलं आणि हातावर लिहायला लागला.

पन्नासावी सोडून बाचा उठला, गुडघे झाडले. मालकाने त्याचा हात हातात घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला. त्याला काहीतरी वाटत होतं, ते दिसत होतं. त्या क्षणी कोणी पाटीबद्दल एक वाक्य बोललं असतं तर कदाचित तो हात सुटला नसता. ते वाक्य माझ्या तोंडात होतं. बाचाला बोलायचंच नव्हतं; त्याने पाठ फिरवली आणि फाटकाची कडी नीट बसते का बघत राहिला.

"आणखी काही सांगायचंय का याला?" मालकाने मला विचारलं.

मी म्हणालो, "नाही. एवढंच."