हॉर्नची गुलाबी चिंधी
जुन्या जीपला दुसरं इंजिन बसवलं, तेव्हा तिच्या फ्यूज बॉक्सच्या तारा लावणं हे आम्हा नवराबायकोचं मिळून केलेलं शेवटचं काम. मला वाचता येत नाय, म्हणून मी तार कशाची ते सांगायचो नि ती खूण म्हणून गोधडीतली चिंधी बांधायची. हॉर्नला तिनं गुलाबी बांधली. म्हणाली, "अवो, हा पयला जोडा. पाचाडला भावाच्या दारात वाजवायचाय." मी म्हटलं, "गाडी चालू तर होऊ दे गो." त्याच दुपारी भाकरी थापताना ती गेली. दिवस मावळायच्या आत तिला अग्नी देऊन सगळं उरकलं. तिचा भाऊ मुक्कामाला राहिला. सकाळी मी गुलाबी चिंधीची तार जोडली नि हॉर्न दाबला. भाऊ उठून दारात आला. मी म्हटलं, "तिनं वाजवायला सांगितलेला."