एकाच्या नावावर दोघांची कामं

१९८६, डिसेंबरचा दुसरा रविवार, सकाळी दहा. जळगाव, पिंप्राळ्यातल्या शाळेचा हॉल. हजर: मी, चित्रपट मंडळाची चिटणीस; नाना, मूळचे साक्रीचे निवृत्त मास्तर आणि मंडळाचे अध्यक्ष; प्रोजेक्टरवर भाऊ; शिवाय नेहमीचे नऊ सभासद.

आम्ही जुने अमेरिकन चित्रपट मागवायचो. सभासद नायक-नायिका बघायचे. नाना आणि मी एका दुय्यम नटाची वाट बघायचो. कधी न्यायाधीश, कधी डॉक्टर, कधी खानावळवाला. दोन-तीन मिनिटांचं काम, पण तो आला की प्रसंग उभा राहायचा. त्याचं नाव एकाच चित्रपटाच्या शेवटी वाचता आलं होतं. बाकीच्या प्रिंटांची शेवटची रिळं इतकी झिजलेली, की नटांची यादी येण्याआधीच पडदा पांढरा व्हायचा. मग चेहऱ्यावरून ओळखायचं आणि मी वहीत नोंदवायचं. सतरा भूमिका झाल्या होत्या.

तो अजून हयात आहे, असं नानांनी कुठल्याशा मासिकात वाचलं. त्यांची भाची नवऱ्याकडे अमेरिकेला निघाली होती. त्या नटासाठी मंडळाचं पत्र आम्ही तिच्याकडे दिलं. सतराही भूमिका, प्रत्येकीबद्दल दोन ओळी. तिची मुंबईची गाडी त्याच दुपारी सव्वाबाराला होती.

साडेअकराच्या सुमारास पडद्यावर न्यायाधीश आला. नानांनी मला कोपरानं ढोसलं. तेवढ्यात पडद्यावरचं दार उघडून त्याच चेहऱ्याचा डॉक्टर आत आला आणि न्यायाधीशाच्या शेजारी बसला.

"अरे बापरे," नाना म्हणाले, "या तं दोन जन शेतस!"

ज्याला आम्ही एक समजत होतो, ते दोघं निघाले होते. वही उघडली. 'ओळखण्याची खूण' हा रकाना मीच आखला होता. पहिली नोंद खानावळवाल्याची, नाव वाचता आलेली: 'हनुवटीला खळगा'. त्याखाली सोळा वेळा 'वरीलप्रमाणे'. ऑफिसातली सवय. पडद्यावर खळगा न्यायाधीशाला होता, डॉक्टरला नव्हता. वहीतल्या सोळा भूमिका कोणाच्या, हे आता मला सांगता येत नव्हतं.

पत्र गाठायला नानांनी स्कूटर काढली. रेल्वे फाटक बंद. मालगाडीचे डबे संपेनात. आयुष्यभर ज्याचं नाव यादीच्या तळाशी लागलं, त्याला कौतुकाचं पत्र जाणार आणि त्यात दुसऱ्याची कामं!

स्टेशनवर पोचलो तेव्हा गाडी यायला दहा मिनिटं होती.

"मामा, बॅगेला कुलूप लावून झालं," भाची वैतागली. "त्या म्हाताऱ्याला काय कळणार आहे?"

"त्यालाच तर कळणार," मी म्हणाले.

"राहू द्या ना," नाना मला म्हणाले. "वाचून खूश होईल बिचारा."

"आणि तो दुसरा?"

नानांनी खिशातलं पेन काढून दिलं.

भाचीनं बॅग उघडून पत्र काढलं. तिच्या होल्डॉलवर ते ठेवून मी सोळा भूमिका खोडल्या, सकाळचा न्यायाधीश वाढवला आणि खाली लिहिलं: बाकीच्या पुन्हा पाहून कळवतो. पत्राची पार रया गेली.

"दोन भूमिकांसाठी अमेरिकेला पत्र धाडणारं मंडळ आपलंच," नाना म्हणाले. गाडी आली, भाची चढली.

पुढच्या तीन वर्षांत चार चित्रपट पुन्हा मिळाले, त्यातल्या चार भूमिका कोणाच्या ते ठरलं. मग मंडळ बंद पडलं. उरलेल्या बारा नोंदींपुढचं 'वरीलप्रमाणे' खोडलेलं आहे आणि रकाना रिकामा. डॉक्टर झालेल्या माणसाचं नाव शोधायचं राहिलं आहे.