डॉक्टर बंगालीत काय म्हणाले

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, दादाला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय – ते मलाही धड ठाऊक नाही.

दादाच्या लग्नाला पाच वर्षं झाली होती, मूल नव्हतं. आम्ही भावंडं कलकत्त्यातच जन्मलेली. वहिनी सांगलीची, तिला भाजीवाल्यापुरतं बंगाली यायचं, इंग्रजी त्याहून कमी. म्हणून दोघांच्या तपासण्यांचे निकाल ऐकायला बालीगंजच्या डॉक्टरांकडे तिच्यासोबत मी गेले. दादा ऑफिसात होता. मी तेवीस वर्षांची, नुकतीच शाळेत शिकवायला लागलेली – आपल्याला सगळं कळतं असं वाटण्याचं वय.

लोडशेडिंग होतं. डॉक्टर फायलीनं वारा घेत बोलत होते. बाईंमध्ये काही दोष नाही, म्हणाले. तुमच्या दादाचं रक्त त्याच्याच शुक्राणूंना शत्रू समजतंय. रोगजंतूंशी लढावं तसं त्यांच्याशी लढतंय. ते एकमेकांना चिकटून बसतात, पुढे सरकत नाहीत. यात त्याची काही चूक नाही. उपाय होईलच असं नाही, पण त्याला एकदा घेऊन या.

वहिनी माझ्या तोंडाकडे बघत होती. पदराचं टोक मुठीत धरून.

आणि मी काय सांगितलं? "वहिनी, तुमचं रक्त दादाचं बीज मारून टाकतं." डॉक्टरांचंच सगळं – फक्त माणूस बदलला.

का? आईला दादाबद्दल हे सांगायचं कुणी, ही भीती होती. पण तेवढंच नव्हतं. वहिनीच्या रंगाचं, तिच्या हातच्या पोळ्यांचं घरात सारखं कौतुक व्हायचं, ते मला खुपायचं. त्या क्षणी ती सर्वस्वी माझ्या हातात होती – आणि मला ते आवडलं.

बेहालाला घरी परतताना बसमध्ये तिनं एवढंच विचारलं – ह्यांना तुम्हीच सांगाल का? मी त्यालाही तेच सांगितलं. दादानं रिपोर्ट मागितलासुद्धा नाही. तो मी फाडून टाकला.

वर्षभरात वहिनीला माहेरी धाडलं. कोर्टाच्या कागदांवर तिनं मुकाट्यानं सह्या केल्या. दादानं दुसरं लग्न केलं. तिथंही पाळणा हलला नाही. का हलला नाही हे फक्त मला माहीत होतं. तेव्हाही मी गप्पच.

सहा-सात वर्षांनी सांगलीला एका लग्नात ती भेटली. वाळलेली, केस पिकायला लागलेले. एका बिजवराचं चांगलं स्थळ तिनं आपण होऊन नाकारलं होतं – आपल्या अंगातच दोष, दुसऱ्याला का फसवायचं, म्हणून. मांडवामागे आम्ही दोघीच होतो. तिनं माझा हात धरला.

"वन्सं, तुमच्या घराला मी काहीच देऊ शकले नाही. मला माफ करा."

मी म्हटलं, "असं काय बोलता वहिनी? आम्ही केव्हाच माफ केलंय तुम्हाला."

तिला रडू फुटलं. बरं वाटलं म्हणाली. मग आम्ही शेजारी शेजारी जेवायला बसलो.