गुळाचा काटा
गुळाचा वास आला की माझी भूक मरते. संस्थान विलीन झालं त्या सुमाराला मला बघून गेलेल्या पावण्यांनी निरोप धाडला, "पोरगी जाड हाय, उतरवा, मग बघू." महिनाभर अर्ध्या भाकरीवर ठेवून आत्यानं मला वडिलांच्या अडत दुकानात नेलं आणि गुळाच्या मोठ्या काट्यावर बसवलं. साखळ्या हाताला चिकटत होत्या. समोरच्या पारड्यात तिनं माझं वजन जेवढं हवं तेवढ्याच ढेपी ठेवल्या, पण मी वर उठेना. वडिलांनी हळूच त्या पारड्याची कड पायानं दाबली आणि मी उचलले गेले. आत्या म्हणाली, "दादा, पाय काढ. गिऱ्हाईकाला कधी फसवलं न्हाईस, पावण्यांना फसवणार व्हय?" त्यांनी पाय काढला. माझं पारडं धाडकन जमिनीला टेकलं. आता अंगावर हाडंच उरलीत, तरी दुसरी भाकरी घेताना ते पारडं खाली जातं.